खडकातील तेल आणि मुलांचे शिक्षण



खनिज तेल भूगर्भात मेहरूण तलावासारखे साचलेले नसते. ते सच्छिद्र खडकात मुरते आणि वरच्या घट्ट थरामुळे अडून राहते. ‘मुंबई हाय’चे तेल मुख्यतः चुनखडकात आहे. लाटा पाहून ते कोणास कळले नसते. १९७४ साली ‘सागर सम्राट’वरून समुद्रतळ विंधला, तेव्हाच खात्री पटली. हे काम सरकारी आयोगाने केले.

शिक्षणाचेही तसेच आहे. खासगी विद्यापीठाची इमारत पाहून दागिने गहाण टाकू नका. जळगावात १९९० पासून सार्वजनिक विद्यापीठ आहे. दोन्हीकडे जा, अध्यापक, प्रयोगशाळा, फी यांची चौकशी करा. मगच मुलामुलींचा प्रवेश ठरवा. अल्लाह त्यांना यश देवो.