न दुखणारे दुखणे

(ज्ञातिसंस्थेच्या अकोले येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, वधूवर सूची प्रसिद्ध झाली, वर्षाचा जमाखर्चही मंजूर झाला. अशा प्रसंगी स्त्रियांच्या स्तनांतील व काखेतील गाठींविषयी बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास समाज लाजतो, तिच्यापायी घरोघरच्या आयाबहिणी अकाली जातात, हे आम्ही पाहत आलो आहोत. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य शाळेत मुले शिकविण्यात गेले. सबब औषध सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. भय कशाचे बाळगावे, कशाचे बाळगू नये, आणि डॉक्टरकडे केव्हा जावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आपल्या भाषेत आजाराला 'दुखणे' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, परंतु त्याने एक घोटाळाही करून ठेविला आहे. जे दुखते ते दुखणे आणि जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. घरातील स्त्रीच्या बाबतीत तर ही समजूत फारच पक्की आहे. ती अंथरुणाला खिळली म्हणजे आजारी. तोवर तिने सारे अंगावर काढावयाचे. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. आपल्या प्राचीन वैद्यांच्या हे ध्यानात आले होते. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन करताना ते गोल, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि अल्प वेदनेचे असते, असे सांगितले आहे. वेदना नाही म्हणून निश्चिंत राहावे, ही गोष्ट या एका रोगाच्या बाबतीत तरी घातक आहे.

आमच्या माहितीतील एका माउलीची हकीकत सांगतो. तिचे नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आषाढात भातलावणीच्या दिवसांत तिच्या हाताला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. लावणी उरकू द्या, मग पाहू, असे तिने मनाशी ठरविले. पुढे दिवाळी आली. दिवाळीनंतर मुलीचे लग्न ठरले, आणि मांडव पडेपर्यंत घरात आजाराचा शब्द नको, असे तिला वाटले. उन्हाळ्यात गाठीवरची कातडी फुटली तेव्हा घरच्यांना प्रथम कळले. तिच्या धन्याने जमीन गहाण टाकली, उपचारांत काही कसूर केली नाही. पण जे वर्ष निघून गेले होते ते पैशाने परत आणता आले नाही. त्या माउलीने आळस केला असे कोण म्हणेल? तिने केवळ घराच्या सोयीपुढे स्वतःची सोय पाहिली नाही. आपण ज्याला बाईचा सद्गुण म्हणून गौरवितो, त्यानेच तिचा घात केला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याने नसती घबराट पसरेल. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पंधरा ते तिशीच्या मुलींत पुष्कळदा एक घट्ट, गुळगुळीत, बोटाखालून गोटीसारखी निसटणारी गाठ आढळते. ती बहुधा निरुपद्रवी असते. पस्तिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात. सुईने पाणी काढताच त्या कित्येकदा बसतात. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीचे दूध साकळून गाठ होते. तीत जंतू शिरले तर स्तन लाल होतो, ठणकतो, थंडीताप येतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मात्र बाळाला पाजणे आपण होऊन बंद करू नये, कारण दूध तुंबल्याने दुखणे वाढते. योग्य औषधानेही लाली व सूज उतरली नाही, तर पुन्हा दाखवावे. क्वचित प्रसंगी कर्करोगच अशा लालीच्या रूपाने प्रकट होतो.

दुखण्याविषयीही असेच आहे. मासिक पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही स्तन जड होणे, दुखणे, हाताला गाठी गाठी लागणे आणि पाळी आल्यावर ते ओसरणे, हे शरीराच्या नेहमीच्या चक्राचे लक्षण आहे. पाटा-वरवंटा, विहिरीचे ओढणे, डोक्यावरचे भारे यांनी छातीचे स्नायू दुखतात, तेही स्तनाचे दुखणे वाटते. नुसती वेदना, गाठ नसता, कर्करोगाची खूण क्वचितच असते. म्हणजे जिला भय वाटते तिला बहुधा कारण नसते, आणि जिला कारण असते तिला पुष्कळदा काहीच वाटत नाही. एकाच जागी टिकून राहिलेली, पाळीशी संबंध नसलेली वेदना मात्र दाखवून घ्यावी.

काखेचा विचार स्तनाबरोबरच केला पाहिजे, कारण स्तनाचा एक भाग काखेपर्यंत पसरलेला असतो आणि स्तनातील रस गाळणाऱ्या ग्रंथी मुख्यतः काखेत असतात. हाताला काटा मोडला, बोट चिघळले की काखेत अवधाण येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जखम भरली की ते जाते. घामाने व केस काढल्याने गळू होते, त्यास आपण काखमांजरी म्हणतो. ती दुखते, पिकते, फुटते. कोणा स्त्रीच्या काखेत स्तनाचाच थोडा जादा भाग असतो, तो गरोदरपणी फुगतो. क्षयरोगानेही काखेत गाठी येतात, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळते. परंतु जखम नाही, गळू नाही आणि काखेतील गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच आहे, किंवा वाढते आहे, तर ती तपासून घेतलीच पाहिजे. कधी कधी स्तनातील रोगाची पहिली खूण काखेत दिसते.

ज्या खुणा दिसताच विलंब करू नये, त्या आता सांगतो. भगिनींनी त्या ध्यानात ठेवाव्या. स्तनात कठीण, खडबडीत, जागची न हलणारी गाठ. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. पूर्वी सरळ असलेले बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणे. बोंडावर बरी न होणारी खपली वा चट्टा. एका स्तनाचा आकार नव्याने बदलणे. आणि काखेतील टिकून राहिलेली गाठ. तरुण मुलीच्या स्तनातील मऊ गाठ एक पाळी होऊन गेल्यावरही राहिली तर दाखवावी. पाळी गेलेल्या स्त्रीने कोणत्याही नव्या गाठीसाठी एक आठवडाही थांबू नये. पुरुषांनीही ऐकून ठेवावे की, हा रोग त्यांनाही होतो. शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो.

डॉक्टर काय करतात? प्रथम हाताने दोन्ही स्तन व काखा तपासतात. मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करवितात, आणि जरूर वाटल्यास सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणीस पाठवितात. 'सुई लावली की रोग पसरतो' हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. तो खरा नाही. सुईची तपासणी टाळल्याने रोगाचे निदान लांबते, आणि त्या लांबलेल्या काळात रोग आपल्या गतीने पसरतो. गाठ लहान असता सापडली तर कित्येकदा स्तन राखूनही शस्त्रक्रिया करता येते. लवकर उपचार झालेल्या बहुसंख्य स्त्रिया पुढे अनेक वर्षे संसार करतात. तेल चोळणे, गाठ शेकणे, लेप लावणे, अंगारा बांधणे यांत मात्र केवळ दिवस जातात.

हा रोग शहरातल्या बायकांचा, असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. शहरांत त्याचे प्रमाण अधिक आहे हे खरे. परंतु आज भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा क्रम पहिला आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाला, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. मृत्यूचा आकडा इतका मोठा असण्याचे एक प्रमुख कारण हे की, आपल्याकडे रोगी उशिरा येतो.

उशीर का होतो? पहिले कारण लज्जा. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रियांना आपले दुखणे सांगता येत नाही, हे ओळखून आनंदीबाई जोशी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्या गोष्टीस आता शतकाहून अधिक काळ लोटला. आज स्त्री डॉक्टर आहेत, आरोग्यसेविका आहेत, आशाताई तर गावातच आहेत. सरकारच्या २०१६ सालच्या योजनेनुसार तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्यकेंद्रांतून दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. आपण होऊन ती मागण्यात संकोच कसला?

साध्या हाताच्या तपासणीने काय साधते, असे कोणी विचारील. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ सालापासून वीस वर्षे याचाच शोध घेतला. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या स्त्री आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा तपासणीने रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पण हाताला गाठ लागलेल्या तरुण स्त्रीने थांबावे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या स्त्रियांना, त्यांत अक्षरओळख नसलेल्यांनाही, आरोग्याचे काम शिकविले. मोठी यंत्रे नसली तरी शिकविलेला हात व मोकळे बोलणे यांनी पुष्कळ काम होते, हा या दोन्ही प्रयोगांचा धडा आहे.

दुसरे कारण पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांचा समावेश आहे, आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन प्रथम त्याला भेटावे. जमीन गहाण टाकण्यापूर्वी एवढे तरी करावे.

तिसरे कारण मात्र आपण स्वतः आहोत, आणि ते सांगितल्यावाचून आम्हांस खाली बसता येत नाही. मुलीला गाठ आहे, हे बाहेर कळले तर तिचे स्थळ मोडेल. आईला कर्करोग आहे, हे कळले तर 'घराण्यात रोग आहे' म्हणून लेकींना कोणी विचारणार नाही, या भयाने घरे गप्प बसतात. हे भय कोणाचे? सरकारचे नव्हे, डॉक्टरांचे नव्हे, ज्ञातीचे. जी वधूवर सूची आज प्रसिद्ध झाली, तिच्यासाठी चौकशा करणारे आपणच आहोत. शंभर रुग्णांत साधारण पाच ते दहांतच हा रोग आनुवंशिक दोषामुळे होतो. तो संसर्गाने पसरत नाही. ज्यांच्या आईला, बहिणीला, मावशीला किंवा आत्याला तो झाला, त्यांनी डॉक्टरांस तसे सांगून लवकर तपासणी सुरू करावी, एवढाच त्या माहितीचा उपयोग आहे. सोयरीक मोडण्यासाठी तिचा उपयोग करणारा मनुष्य दुसऱ्या घरातील बाईला मुकाट्याने मरावयास सांगत असतो.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी स्त्री डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेस बोलावून भगिनींना स्वतंत्र खोलीत माहिती व तपासणीची सोय करावी. साहाय्य निधीतून काही रक्कम केवळ प्रवासासाठी राखावी, म्हणजे डोंगराकडील गावांतून अकोल्यास, आणि तेथून संगमनेर, लोणी वा नाशिकला जाणाऱ्या स्त्रीचे व तिच्या सोबतिणीचे भाडे अडणार नाही. आणि कोणाच्या घरच्या आजाराची वाच्यता विवाहाच्या चौकशीत होणार नाही, असा ठराव याच सभेत व्हावा.

पुरुषमंडळींस एक विनंती. घरी गेल्यावर पत्नीस, आईस, सुनेस विचारा. स्वतः विचारणे अवघड वाटल्यास लेकीकरवी विचारा. 'काही दुखते का?' एवढेच विचारू नका, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेच येईल. 'कोठे गाठ लागते का?' असे विचारा. आणि उत्तर 'होय' आले तर लावणी, दिवाळी किंवा लग्न यांपैकी कशाचीही वाट न पाहता दुसऱ्या दिवशीची गाडी धरा.