मंगळावरची चिमूटभर माती



पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीवर बोलायचं म्हटलं की सुरुवात ताऱ्यांच्या संख्येपासून करायची पद्धत आहे. आपल्या आकाशगंगेत इतके अब्ज तारे, त्यांच्याभोवती इतके ग्रह, तेव्हा कुठे ना कुठे कुणीतरी असणारच! हा हिशेब मला फार पुढे नेत नाही. जीव उपजल्याचं एकच उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे आपली पृथ्वी. एका उदाहरणावरून सरासरी काढता येत नाही. म्हणून मी आज सुरुवात करणार आहे अर्धा घन सेंटिमीटर मातीपासून.

ही माती मंगळावरची. २० जुलै १९७६ या दिवशी ‘व्हायकिंग-१’ हे अमेरिकी यान मंगळाच्या क्रायसी मैदानात उतरलं. त्याचं जुळं भावंड, ‘व्हायकिंग-२’, ३ सप्टेंबरला युटोपिया मैदानात उतरलं. दोन्ही यानांच्या पोटात एक-एक जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. बाहेर काढलेल्या हाताने माती खरवडायची, आतल्या कुपीत टाकायची आणि तिच्यात काही जिवंत आहे का ते पाहायचं. असा थेट प्रश्न माणसाने दुसऱ्या ग्रहाला पहिल्यांदाच विचारला होता.

त्यातला एक प्रयोग गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्राट या दोघांचा. लेव्हिन मूळचे सार्वजनिक आरोग्य विभागातले अभियंता. पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का, हे चटकन कसं ओळखायचं, यावर त्यांनी आधी काम केलं होतं. मंगळाचा प्रयोग त्यातूनच निघाला. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं, कारण त्यातले सूक्ष्मजीव पिठातलं अन्न खातात आणि वायू सोडतात. लेव्हिन यांनी हेच तत्त्व वापरलं. सूक्ष्मजीवांना आवडेल असा पोषक द्राव तयार केला आणि त्यातल्या कार्बनच्या जागी किरणोत्सारी कार्बन घातला. मातीवर या द्रावाचा थेंब पडल्यावर किरणोत्सारी वायू बाहेर आला, तर आत कुणीतरी जेवतंय असं समजायचं.

जुलैच्या अखेरीस थेंब पडला, आणि वायू आला. रेंगाळत नव्हे, झपाट्याने.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबू या. आपल्यापैकी कुणी त्या नियंत्रण कक्षात असतं तर काय केलं असतं? पेढे वाटले असते. पण प्रयोगाची खरी परीक्षा पुढे होती. त्याच मातीचा दुसरा नमुना आधी १६० अंश सेल्सिअसला तीन तास तापवला. त्या तापमानात आपल्या ओळखीचा कुठलाही जीव तगत नाही. मग त्यावर तोच थेंब टाकला. वायू आला नाही. तापवल्यावर मरणारं काहीतरी मातीत होतं, असा याचा अर्थ लागत होता. लेव्हिन यांनी प्रयोगाआधी ठरलेल्या कसोट्यांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, उत्तर ‘हो’ आहे.

मग एक गोष्ट बिनसली. पहिल्या नमुन्यावर दुसऱ्यांदा थेंब टाकला. आत जीव असते, तर त्यांनी पुन्हा खाल्लं असतं, पुन्हा वायू वाढला असता. वायू वाढला नाही, उलट थोडा कमी झाला. शेजारच्या प्रयोगात तर माती नुसती दमट होताच ऑक्सिजन बाहेर पडला होता. अन्न मिळायच्या आधीच, आणि तापवलेल्या मातीतूनसुद्धा. हे जीवाचं लक्षण नव्हे. त्या मातीत अतिशय आक्रमक असं एखादं रसायन असावं, असा तर्क पुढे आला.

निर्णायक घाव घातला तो यानांवरच्याच, क्लाउस बीमान यांच्या उपकरणाने. मातीचा नमुना ५०० अंशांपर्यंत तापवायचा आणि निघणाऱ्या वाफेत सेंद्रिय रेणू शोधायचे, हे त्याचं काम. अब्जात काही भाग इतका सूक्ष्म अंशही त्याला सापडू शकत होता. सापडलं काय? क्लोरीन असलेले दोन साधे सेंद्रिय रेणू. ते पृथ्वीवर उपकरण धुताना वापरलेल्या द्रावणाचे अवशेष असावेत, असं मानलं गेलं. सेंद्रिय द्रव्यच नाही म्हणजे शरीरच नाही. शरीर नाही तर जेवणारा कोण? बहुसंख्य शास्त्रज्ञांनी निकाल दिला: मंगळाच्या मातीत जीव सापडला नाही. लेव्हिन यांना तो निकाल कधीच मान्य झाला नाही. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते आपलं म्हणणं मांडत राहिले.

बत्तीस वर्षांनी या कथेला वेगळं वळण लागलं. २००८ मध्ये ‘फीनिक्स’ यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं आणि त्याला मातीत परक्लोरेट सापडलं. शोभेच्या दारूत वापरतात त्या जातीचे हे क्षार. थंडीत ते निवांत पडून असतात, पण तापवले की ऑक्सिजन सोडतात आणि आसपासचं सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतात. मग मेक्सिकोच्या राफाएल नाव्हारो-गोन्साल्वेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या आटाकामा वाळवंटातली माती घेतली. तिच्यात सेंद्रिय द्रव्य असतं, अगदी थोडं का होईना. त्यांनी तिच्यात परक्लोरेट मिसळून ती तापवली. बाहेर काय आलं? तेच क्लोरीनचे रेणू, जे व्हायकिंगच्या वेळी धुण्याच्या द्रावणाच्या खात्यात टाकले होते. २०१० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे ‘क्युरिऑसिटी’ गाडीने गेल विवरातल्या प्राचीन गाळाच्या खडकात सेंद्रिय रेणू शोधले. २०१८ मध्ये ते जाहीरही झालं.

म्हणजे १९७६ साली जे शोधायचं होतं, तेच शोधणाऱ्या भट्टीत जळून गेलं असण्याची दाट शक्यता आहे. याचा अर्थ लेव्हिन बरोबर होते, असा मात्र होत नाही. सेंद्रिय रेणू उल्कांमधूनही येतात, ज्वालामुखीच्या रसायनातूनही बनतात. माझं मत विचाराल तर १९७६ सालचा निकाल, त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर, योग्य होता. चूक पुढची. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर मंगळाच्या मातीला तो थेट प्रश्न पुन्हा विचारायला एकही अमेरिकी यान गेलं नाही. पाण्याच्या खुणा शोधल्या, खनिजं तपासली, वातावरण मोजलं. ते सगळं मोलाचं आहे. पण अर्धवट सुटलेला एक प्रयोग सुधारून पुन्हा करणं हे विज्ञानाचं कर्तव्य होतं आणि ते राहून गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

आता मंगळावरून हैदराबादला येऊ. तुमच्यातल्या अनेकांनी डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या असतील. त्यांनी स्वतः मांडलेल्या एका प्रयोगाची माहिती मात्र त्या मानाने कमी लोकांना आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि हॉईल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीव पृथ्वीवर उपजलाच नाही, सूक्ष्मजीव धूमकेतूंच्या धुळीबरोबर बाहेरून येतात आणि आजही येत असतात. कल्पना धाडसी होती, बहुतेकांना न पटणारी. नारळीकरांनी तिच्यावर वाद घालत बसण्याऐवजी ती तपासायचं ठरवलं. येत असतील तर वरच्या हवेत सापडले पाहिजेत.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. तिथून इस्रोच्या मदतीने जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये महाकाय फुगा आकाशात गेला. दुसऱ्या वेळच्या यंत्रणेचं वजन होतं ४५९ किलो. तिच्यात निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून घेतलेल्या पोलादाच्या सोळा नळ्या होत्या, आणि त्या बुडवल्या होत्या द्रवरूप निऑनमध्ये, शून्याखाली सुमारे २४६ अंशांवर. एवढी थंडी का? कारण वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की तपासण्याइतकी गोळा करणंच कठीण. नळीचं तोंड उघडलं की आत शिरलेली हवा थंडीने गोठते, पोकळी कायम राहते आणि आणखी हवा ओढली जाते. नमुने भरले की यंत्रणा हवाई छत्रीने खाली. मग तपासणी हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. दोन प्रयोगशाळा एवढ्यासाठी की एकीत चुकून शिरलेला जंतू दुसरीत दिसणार नाही.

जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांतल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. जीवाणूंच्या तीन जाती मात्र नव्या निघाल्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. तिन्ही जाती आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या. मार्च २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केलं तेव्हा वर्तमानपत्रांनी परग्रहावरचे पाहुणे आले असे मथळे देणं सोपं होतं. पण इस्रोच्या निवेदनात स्वच्छ म्हटलं होतं की हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत, असं यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही. ज्या कल्पनेसाठी हा सगळा खटाटोप झाला, तिच्याच बाजूने मोकळेपणाने झुकण्याचा मोह या मंडळींनी आवरला. मला हा भाग त्या शोधापेक्षाही मोठा वाटतो.

आणि तो संयम किती योग्य होता, हे पुढे दिसलं. आर्यभटाच्या नावाचा तो जीवाणू नंतर पृथ्वीवरच ठिकठिकाणी मिळू लागला. मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीन आणि गव्हाच्या मुळांशी तो राहतो आणि मातीतलं जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतो, असं कृषी संशोधकांनी दाखवलं. वर सापडला म्हणजे वरून आला, असं नसतं. धूळ वादळातून, ज्वालामुखीतून वरही जाते.

या शोधातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चमत्कारिक काहीतरी सापडणं फारसं अवघड नाही. ते जीवाशिवाय होऊच शकलं नसतं, हे दाखवणं महाकर्मकठीण. १९९० च्या डिसेंबरात गुरूकडे निघालेलं ‘गॅलिलिओ’ यान वेग घेण्यासाठी पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी एक विलक्षण गोष्ट केली. यानाची उपकरणं पृथ्वीवरच रोखली आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही असं धरून विचारलं, या ग्रहावर जीव आहे का? भरपूर ऑक्सिजन दिसला, त्याच्यासोबत टिकूच नये असा मिथेन दिसला, तांबडा प्रकाश शोषणारं रंगद्रव्य जमिनीवर पसरलेलं दिसलं, रेडिओ संदेश ऐकू आले. छायाचित्रांत मात्र माणसाच्या वस्तीची ठळक खूण नव्हती. जिथे उत्तर आधीच माहीत आहे, तिथे पद्धत तपासून घ्यायची, हा त्यातला गाभा.

आजच्या बातम्यांना हीच कसोटी लावून बघा. केम्ब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची चाहूल लागल्याचं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्री सूक्ष्मजीवांपासून येतो. पण इतरांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली तेव्हा संकेत पुरेसा भक्कम दिसला नाही. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही मिळाला आहे, जिथे जीव असल्याचं कुणी म्हणत नाही. मला या दाव्यापेक्षा ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीला मंगळावरच्या जेझेरो विवरात २०२४ मध्ये दिसलेला खडक अधिक मोलाचा वाटतो. जुन्या नदीच्या पात्रातला हा गाळाचा खडक, त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके. त्यांत लोहाची अशी खनिजं आहेत, जी आपल्याकडच्या चिखलात सूक्ष्मजीवांच्या जेवणातून तयार होतात. ती जीवाविनाही तयार होऊ शकतात, म्हणून संशोधकांनी सप्टेंबर २०२५ च्या शोधनिबंधात ‘संभाव्य’ हा शब्द सोडलेला नाही. त्या खडकाचा नमुना गाडीने नळीत सीलबंद केला आहे. तो इथल्या प्रयोगशाळेत आल्याशिवाय वाद मिटणार नाही, आणि तो आणण्याची योजना पैशापायी रखडली आहे.

शेवटचं आणि आजच्या सभेतल्या तरुणांसाठी. आपल्याकडे तालुक्याच्या महाविद्यालयातही सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग असतो. तिथल्या मुलामुलींना वाटतं की आपलं भविष्य म्हणजे औषधाचा कारखाना किंवा रक्त तपासणीची लॅब, आणि अंतराळ म्हणजे अभियंत्यांचं काम. पण तसं नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बघा. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर आहे. मंगळाचं कवचही बेसाल्टचंच, म्हणून जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ तिथे येतात. जून २०२० मध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा तर्कवितर्कांचा पाऊस पडला. उत्तर दिलं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, पाण्याचा नमुना तपासून: खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्किया जातीचे सूक्ष्मजीव.

असंच काम मंगळाच्या मातीवर करायचं आहे. सेंद्रिय द्रव्य न जाळणारी पद्धत शोधायची आहे, निर्जीव रसायन काय काय करू शकतं याची यादी पुरी करायची आहे. त्यासाठी रसायन आणि सूक्ष्मजीव दोन्ही जाणणारी माणसं हवीत. इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे: घरातली मुलगी लोणारचं पाणी तपासायचं म्हणाली, तर तिला नोकरीचं विचारण्याआधी तिथे जाऊ द्या.