आधी कागद, मग वेबसाइट



देवगड-रत्नागिरीचे अनेक बागायतदार आता हापूस थेट ग्राहकाला विकतात.
त्यासाठी वेबसाइट करायची आहे?
मग आधी कागद घ्या.

गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं, ते लिहा.
पेटीत किती डझन?
आंबा अढीत पिकवलेला का?
घरी कधी पोचेल?
ही उत्तरं पहिल्याच पानावर हवीत.
मोबाइलवर सहज वाचता यावीत.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.
त्या मानांकनाखाली तुमची नोंदणी असेल, तर ठळक सांगा.

फोटो हंगामातच काढून ठेवा.
पावसाळ्यात झाडावर आंबा नसतो.

पुन्हा सांगते, आधी कागद, मग वेबसाइट.

आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर नोंदवा.
हे फार महत्त्वाचं.
वेबसाइट बनवणारा उद्या बदलला, तरी पत्ता तुमच्याकडेच राहतो.