डोळे मिटले की तोल का जातो?



ज्ञानेंद्रिये पाच, असे आपण शाळेत पाठ केले. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या यादीत नसलेल्या एका जाणिवेविषयी. तोंडाला साबण लावून डोळे मिटले तरी आपण न्हाणीघरात नीट उभे राहतो. पाय कोठे आहेत हे न पाहताच कळते. स्नायू आणि सांधे यांतून निघालेली ही वर्दी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. तेथील ज्ञानतंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन असते, विजेच्या तारेवर रबर असावे तसे. ते शाबूत राहण्यास ब-१२ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की वेष्टन झिजते आणि वर्दी वाटेतच अडखळते. प्रथम पायांना मुंग्या येतात. पुढे चप्पल निसटली तरी कळत नाही. दिवसा डोळे सांभाळून नेतात, अंधारात तोल जातो. घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले!’ आमचे भांडण या दोन शब्दांशी आहे.

हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात, ना प्राणी. ते सूक्ष्मजंतू तयार करतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. शाकाहारी माणसाची भिस्त दुधादह्यावरच. (शाकाहार सोडा, असे सांगण्यास आम्ही आलेलो नाही; निर्धास्त बसावे.) यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा उमगते. उतारवयात जठरातील आम्ल घटल्याने किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी पडू शकते. तेव्हा मांसाहारी मंडळींनी हसू नये.

१९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या पांडुरोगाचे रोगी रोज यकृत खाऊ घालून सुधारून दाखविले. त्या यकृतातला गुणकारी पदार्थ १९४८ साली लाल स्फटिकांच्या रूपाने हाती आला. तेच हे ब-१२. दरम्यान एक फसगतही ध्यानात आली होती. नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्त सुधारते, माणूस टवटवीत दिसतो, पण ज्ञानतंतूंची झीज चालूच राहते! म्हणून ‘रक्त चांगले आहे’ एवढ्यावर स्वस्थ बसू नये. ब-१२ वेगळे तपासून घ्यावे.

पायांना येणाऱ्या साऱ्याच मुंग्या याच कारणाच्या नसतात, मधुमेहाच्याही असतात. परंतु कारण हेच असेल, तर लवकर उपचार झाल्यास गेलेली जाणीव पुष्कळदा परतते. वर्षे लोटली, तर इंजेक्शने देऊनही ती पुरती परतेलच असे नाही. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, की तोंड धुताना भिंतीला हात टेकावा लागतो काय?