बालवाचनाचा ठेवा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याचा आदेश झाला. ज्याचे उभे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले, त्याने कोणत्या विषयावर बोलावे, हा प्रश्न मला पडला. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अधिकारी व्यक्ती घेतीलच. मी आज आपल्या लहानपणी घरी येणारी मुलांची मासिके, ती वर्गणी काढून मिळून वाचणारी मुलांची मंडळे आणि त्या वाचनाच्या उरलेल्या खुणा यांविषयी बोलणार आहे. भोरच्या पेठेतील जुनी घरे एकामागून एक उतरवली जात आहेत. माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत आहेत. म्हणून हा विषय आजच मांडावा, असे मला वाटले.

मराठी मुलांचे भाग्य असे की, त्यांच्यासाठी मासिके काढणारी थोर माणसे आपल्याकडे फार पूर्वीपासून झाली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ सुरू केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढले. भा. रा. भागवत यांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढले. याच भागवतांनी पुढे फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आपल्या हाती दिला. फुरसुंगी आपल्याच जिल्ह्यातली, त्यामुळे तो आम्हांस पाहुण्यारावळ्यांतला मुलगा वाटत असे.

‘चांदोबा’ मात्र येई तो थेट मद्रासहून. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत आणि हातातील तलवार ज्यांनी रेखाटली, ते चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन्, २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तले. हे मासिकही गेल्या दशकात बंद पडले. ‘किशोर’चा पहिला अंक निघाला नोव्हेंबर १९७१ मध्ये. तो काढणारी बालभारती ही संस्था १९६७ साली स्थापन झालेली. आपली पाठ्यपुस्तके छापणारी संस्था पाठ्यपुस्तकाबाहेरचेही वाचायला देते, याचे आम्हा मुलांना मोठे नवल वाटले होते. ‘किशोर’ने २०२१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केली.

त्या काळी पेठेतल्या आम्ही सात मुलांनी एक मंडळ केले होते. त्याला नाव नव्हते, पदाधिकारी नव्हते. वही मात्र होती. व्यापाऱ्यांची मुले एकत्र आली की दुसरे काय होणार! आठवड्याला प्रत्येकी दहा पैसे जमा आणि अंकाची किंमत नावे, असा रीतसर रोजमेळ मांडलेला असे. एक अंक एकाकडे दोन दिवस राहील, मग पुढच्याकडे जाईल, उशीर झाल्यास दोन पैसे दंड, असा नियम होता. ‘चांदोबा’त दर महिन्याला दोन छायाचित्रे छापून येत आणि त्यांना एकमेकींशी जुळणारी शीर्षके पोस्टकार्डावर लिहून मागवली जात. त्या एका पोस्टकार्डासाठी आमची सभा भरे. बक्षीस आम्हांस कधीच लागले नाही, पण सभा कधी चुकली नाही.

अशी मंडळे सगळीकडे होती आणि परदेशातही होती. इंग्लंडमध्ये के वेब नावाच्या संपादक बाईंनी १९६७ साली मुलांसाठी ‘पफिन क्लब’ हा पुस्तकांचा क्लब काढला. सभासद मुलांना बिल्ला मिळे, सांकेतिक परवलीचा शब्द मिळे आणि ‘पफिन पोस्ट’ हे त्रैमासिक घरपोच येई. त्या मुलांचे आज आजी-आजोबा झाले आहेत आणि ते बिल्ले अजून जपून ठेवणारे अनेक आहेत. के वेब यांची कागदपत्रे न्यूकॅसल येथील ‘सेव्हन स्टोरीज’ या बालसाहित्याच्या संग्रहालयाने सांभाळली आहेत. आमच्याकडे बिल्ले नव्हते. अंकावर गुंडाळून येणारी पत्त्याची पट्टी, मनीऑर्डरची पावती, पानात ठेवलेला काड्यापेटीचा छाप, एवढीच आमची संपत्ती.

आता या जुन्या अंकांचा बाजारही उभा राहिला आहे. मार्च १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळ, मँड्रेक आणि बहादूर यांच्या जुन्या अंकांना संग्राहक आज चांगली किंमत मोजतात. या बाजाराची रीत मी व्यापारी या नात्याने समजू शकतो. कोरा ताग्यातला माल वेगळा आणि घडी मोडलेला माल वेगळा. संग्राहकाला अंक कोरा हवा असतो. त्यावर कोणाचे नाव नको, कोडे सोडवलेले नको, कोपरा दुमडलेला नको. पेन्सिलीची एक रेघ दिसली की भाव पडला. बाजाराच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु आपल्या घरात गोधडीही असते. तिच्यात आजीच्या लुगड्याचा काठ असतो, वडिलांच्या सदऱ्याचा तुकडा असतो. बाजारात तिला भाव नाही. तरीही ती कोणी विकत नाही. आपल्या पेठेतल्या मुलांनी हाताळलेले अंक मी या गोधडीच्या पंगतीला बसवतो.

हे मी कशावरून म्हणतो, ते सांगतो. आमच्या सात जणांपैकी दोघे आज हयात नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्यापैकी एकाचे जुने घर उतरवताना त्याच्या मुलाने मला बोलावून एक पत्र्याची ट्रंक दाखवली. आत चाळीसएक अंक होते आणि तळाशी आमची ती वही होती. १९७२ सालचा हिशेब मी तेथेच ओट्यावर बसून वाचला. ते दुष्काळाचे वर्ष होते. वर्गणीच्या रकान्यात तिघांच्या नावापुढे महिनोन्‌महिने ‘बाकी’ लिहिलेले आहे. पण त्या तिघांची अंक वाचण्याची पाळी एकदाही चुकलेली नाही. आणखी एक गोष्ट दिसली. सभासदांच्या यादीत मुलगी एकही नाही. मात्र एका सभासदाकडे प्रत्येक अंक दोनाऐवजी तीन दिवस राहिलेला आहे, दंड लावलेला नाही आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द आहे : ‘ताई’.

त्या ताईंनी आज सत्तरी ओलांडली आहे. वही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पाने उलटली आणि म्हणाल्या, “सातवीनंतर माझी शाळा सुटली. त्यानंतर दोन-तीन वर्षं मला वाचायला मिळालं ते एवढंच. रात्रीची भांडी झाली की चिमणीपाशी बसून वाचायचे.” मग त्यांनी एका अंकातील छायाचित्रांच्या पानावर बोट ठेवले. तेथे पेन्सिलीने लिहून खोडलेली चार-पाच शीर्षके होती. अक्षर त्यांचे होते. ज्या पोस्टकार्डासाठी आम्हा मुलांची सभा भरे, त्यावरचे शब्द बरेचदा त्यांनी सुचवलेले असत, हे मला तेव्हा, पन्नास वर्षांनंतर कळले.

मित्रहो, ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकावर सर्वांना खुले केले आहेत, ‘निवडक किशोर’चे खंडही काढले आहेत. ही मोठीच सोय झाली आहे. गोष्ट वाचायची असेल तर आता माळ्यावर चढायला नको. परंतु ‘ताई’ हा शेरा कोणत्याही संगणकावर सापडणार नाही. तो एकाच प्रतीत आहे आणि ती प्रत भोरमध्ये आहे. रद्दीच्या काट्यावर ती गेली असती, तर चाळीस अंकांचे वजन तेवढे नोंदले गेले असते.

कागद सांभाळणे हे आपल्या गावाला आणि आपल्या समाजाला नवे नाही. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. सचिवाचे कामच मुळी राज्याचे कागदपत्र तपासण्याचे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आजही ‘रुमाल’ या मापाने मोजतात, कारण ते कापडाच्या रुमालात बांधलेले आहेत. आपल्या पूर्वजांनी जेसलमेर आणि पाटणची ज्ञानभांडारे शतकानुशतके राखली. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून त्यांची झाडलोट व पूजा करण्याची आपली परंपरा आहे. दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतात. मुलांचा अंक हा काही आगम नव्हे, याची मला जाणीव आहे. तरी अक्षराची आशातना होऊ नये, हा संस्कार पाटीपासूनच सुरू होतो.

सांभाळण्याच्या बाबतीत कापडवाल्याचा थोडा अनुभव सांगतो. आपल्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. आत ओल धरते. मांजरपाटाचे बासन उत्तम, पण नवे कोरे कापड तसेच वापरू नये. त्यात खळ असते आणि खळीवर कसर येते. दोन वेळा धुऊन खळ काढावी, उन्हात खडखडीत वाळवावे, मग अंक बांधावेत. कागदाला मात्र कडक ऊन दाखवू नये, सावलीत वारा द्यावा. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून टाकाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा पिवळा डाग कायमचा राहतो.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, ट्रस्टच्या सभागृहात एक कपाट या कामासाठी द्यावे. त्यासाठी लागणारे मांजरपाट, धुऊन वाळवून, माझ्या दुकानातून येईल. आपण सर्वांनी दिवाळीच्या साफसफाईत सापडलेले अंक, वह्या, पावत्या, पत्त्याच्या पट्ट्या येथे आणून द्याव्यात. अंक फाटका असो, कोणी त्यात राजाला मिशा काढलेल्या असोत, तो घेतला जाईल. एका वहीत अंक, साल, कोणाच्या घरचा आणि कोणी वाचला, एवढी नोंद व्हावी. शेवटच्या रकान्यात आया-बहिणींची नावे आवर्जून विचारून लिहावीत, कारण जुन्या वह्यांत ती फारशी सापडणार नाहीत. दर ज्ञानपंचमीला कपाट उघडावे, अंकांना वारा द्यावा आणि नातवंडांनी ते हाताळून पाहावेत.

पहिली ट्रंक आमच्या दिवंगत मित्राच्या कुटुंबाने देऊ केली आहे. ती वहीसह मी आज विश्वस्तांच्या स्वाधीन करीत आहे. वहीतील सभासदांच्या यादीत आठवे नाव ताईंनी परवा स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

 

जय जिनेंद्र.