कोर्टाची नक्कल काढताना

वाटणीच्या दाव्याचा निकाल लागून वर्षं झाली, पण निकालपत्र घरात सापडत नाही. अशा वेळी आधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर परभणी जिल्हा निवडा. पक्षकाराचं नाव आणि दाव्याचं वर्ष टाकलं, की नोंद असलेल्या प्रकरणाचा 16 अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक विनामूल्य मिळतो. तिथून उतरवलेला निकाल वाचायला ठीक. इतर कामांसाठी मात्र सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच काढून ठेवावी.

त्यासाठी ज्या कोर्टात दावा चालला, मग ते परभणीचं असो की गंगाखेडचं, तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लागतो. प्रकरणात पक्षकार नसाल, तर नक्कल कशाला हवी ते पटवून द्यावं लागतं.

अपील करणाऱ्यांनी अर्ज लगेच द्यावा. नक्कल तयार होण्यात गेलेला काळ मुदत कायदा, 1963 नुसार अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. म्हणून नक्कलेवरच्या अर्जाच्या आणि नक्कल तयार झाल्याच्या तारखा नीट तपासा.

आणि 1948 पूर्वीचा, निजामाच्या राजवटीतला कागद असेल, तर तो बहुधा उर्दूत निघेल. जाणकार वाचणारा आधीच शोधून ठेवा.