बांधावरचा पळस

फेब्रुवारी सरत आला की सेनगावहून रिसोडकडे जाताना दोन्ही बाजूंचे माळ करडे दिसू लागतात. तूर निघालेली असते, गवत वाळलेले असते. अशात मधूनच एखादे झाड पेटल्यासारखे दिसते. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुले. तो पळस.

पळस हा आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातला. फूल हातात घेऊन पाहा. एक मोठी पाकळी, बाजूंना दोन आणि मध्ये पोपटाच्या चोचीसारखा बाक. म्हणून संस्कृतात त्याला 'किंशुक' म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते, ती पळसपापडी. पाने गाळून फुलण्यात शहाणपणही आहे. पाण्याच्या टंचाईत पाने पोसावी लागत नाहीत आणि फुले पाखरांना लांबून दिसतात. साळुंक्या, शिंजीर मधासाठी येतात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात.

'पळसाला पाने तीनच' असे आपण म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मात्र ती तीन मिळून एकच पान होते! त्याच पानांच्या पत्रावळींवर आपल्या कितीतरी पंगती उठल्या. पुढे थर्माकोल आला. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, पण तोवर पत्रावळी लावणारे हात कमी झाले होते.

आमच्या बांधावर दोन पळस होते. सोयाबीनवर सावली पडते म्हणून त्यातला एक मीच तोडला. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला पाने हवी होती. बैलांचे खांदे शेकायला पळसाचेच पान लागते. उरलेल्या झाडाशी गेलो, तर शेजारचे चौघे आधीच तिथे उभे. "तुमचा एकच राहिला का हो, दादा?" एकाने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

माळावर पळस गुडघाभर झुडपासारखा दिसतो. तो मुळात तेवढाच नसतो. दर वर्षी तोडल्यामुळे तेवढाच राहतो. मुळे जिवंत असतात. चार वर्षे कोयता लावला नाही तर तो पुन्हा डोके वर काढतो. माझ्या तोडलेल्या बुंध्यालाही धुमारे आले आहेत. यंदा ते मी राखले आहेत. तुमच्या बांधावर असा एखादा बुंधा असेल, तर त्यालाही तेवढी सवड द्या.